तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही

बाबा,

तुम्ही पत्त्यांना कधी हात लावला नाही. पोळ्याच्या आसपास आपल्या गावात, आंजीत, देवळामागे पत्त्यांचे डाव पडायचे, तेव्हा तुम्ही शेतात जायचा रस्ता बदलायचात. आई हसायची. म्हणायची, "याईले दिसलं तं बोला लागन, म्हणून पाह्यतच नाई." तेव्हा मला तो तुमचा मोठेपणा वाटायचा. आज मी तुम्हाला एका पत्त्याबद्दल लिहिते आहे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे रस्ता बदलायची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

गेल्या महिन्यात मुलगी पुण्याहून सुट्टीवर आली होती. एकतीस वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं आहे, पण ती तुमच्या मांडीवर कधी बसली नाही. तेवढं मी होऊ दिलं नाही. तिच्याकडे पत्त्यांचा एक कॅट आहे, भविष्य सांगायचा. टॅरो म्हणतात त्याला. पत्ते नेहमीच्या पत्त्यांपेक्षा मोठे, तळहाताबाहेर जाणारे, आणि प्रत्येकावर चित्र. नालवाडीच्या माझ्या घरात स्वयंपाकघराच्या फरशीवर ती ते मांडून बसली होती आणि मी समोर मेथी निवडत होते. मी विचारलं, तुझा विश्वास आहे यावर? ती म्हणाली, "विश्वास नाही गं. पण माणसं पत्त्याकडे बघत खरं बोलतात. तोंडाकडे बघत नाही बोलत." मग म्हणाली, "तू पण एक काढ. प्रश्न मनात ठेव, मला नको सांगू."

प्रश्न मनात होताच. त्याच सकाळी भावाचा फोन आला होता. जिथे तुम्ही पंच म्हणून बैठका घ्यायचात ती टिनाची शेड पाडून गावाने तिथे सभागृह बांधलं आहे, आणि त्याला तुमचं नाव द्यायचं ठरलं आहे. भाऊ म्हणाला, "ताई, तू येजो बरं. तूच बोलशीन तं शोभन. कॉलेजात शिकवलं तू." मी म्हटलं, काय बोलू? "तोच किस्सा सांगजो ना." कोणता? "आता तुले का सांगा लागते? तुह्या बैठकीचा. लोकाईले आजबी याद आहे." मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. जावं की नाही, आणि गेले तर काय बोलावं, एवढाच माझा प्रश्न होता.

तिने पत्ते पिसले, पालथे पसरले. मी ओल्या हाताने एक ओढला. ती म्हणाली, "न्याय! अकरावा पत्ता. भारी असतो हा." माझ्या बाजूने चित्र उलटं दिसत होतं, बाईचं डोकं खाली, पाय वर. उलटा आला ना, मी म्हटलं. "नाही, सुलटा आहे. पत्ता मांडणाऱ्याच्या बाजूने बघायचा असतो." असं कोणी ठरवलं? "नियम आहे गं." आणि उलटा आला असता तर? "तर अन्याय. खोटेपणा. आपण केलं त्याची जबाबदारी झटकणं. सुलटा म्हणजे खरं असेल ते बाहेर येणार. जो जसं वागला तसं त्याच्या पदरात पडणार." ती सांगत होती आणि मी पत्त्याकडे बघत होते. मांडणाऱ्याच्या बाजूने न्याय, समोर बसलेल्याच्या बाजूने तोच पत्ता अन्याय. मधे एक हात फरशी. बाबा, हे इतकं साधं वाक्य मला बत्तीस वर्षं सापडलं नव्हतं.

मग मी पत्ता उचलून हातात घेतला. दोन करड्या खांबांच्या मधे दगडी आसनावर एक बाई बसली आहे. लाल झगा, डोक्यावर मुकुट. उजव्या हातात तलवार, सरळ वर धरलेली. मुलगी म्हणाली की ती दुधारी असते, दोन्हीकडून कापते, धरणाऱ्यालाही. डाव्या हातात तराजू. मागे जांभळा पडदा, आणि पडद्यामागे काय आहे ते चित्रकाराने दाखवलेलं नाही, नुसता पिवळा उजेड कडेने दिसतो. झग्याखालून एका पायाचं टोक बाहेर आलं आहे. मुलीने त्यावर बोट ठेवलं. "हा पाय बघ. म्हणजे ही नुसती बसलेली नाही, उठू शकते. आणि डोळे बघ. कोर्टातल्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी असते ना? हिच्या नाही. ही सरळ तुझ्याकडे बघते." मी आयुष्यभर वर्गात प्रतीकं उलगडून शिकवली, आणि त्या नादात प्रतीक या गोष्टीवरचा माझा भरवसा बराच कमी झाला आहे. पण त्या पायाच्या टोकाने मला शेडमध्ये नेऊन उभं केलं.

तुम्ही खुर्चीवर बसलेले आहात. निकाल सांगायच्या आधी तुम्ही डाव्या पायातली चप्पल काढता आणि अनवाणी पाऊल मातीवर टेकवता. निकाल देणाऱ्याचा पाय भुईला लागला पाहिजे, असं तुमचं म्हणणं. चप्पल निघाली की लोक बोलायचे थांबतात. मी सात-आठ वर्षांची, तुमच्या खुर्चीच्या दांडीला धरून उभी. वाटणीची बैठक असली की तुम्ही मला न्यायचात. दोन भाऊ वेगळे निघायचे, तर त्यांच्या भांड्यांचे, लाकडांचे, टिनांचे दोन सारखे ढीग तुम्ही लावायचात. एका भावाची खूण सुपारी, दुसऱ्याची हळकुंड. दोन्ही तुम्ही माझ्या मुठींत द्यायचात, मला पाठमोरी करून दोनदा फिरवायचात आणि म्हणायचात, "डोये मिट माय, आन् ठेव." ज्या ढिगावर सुपारी पडली तो एकाचा, हळकुंड पडलं तो दुसऱ्याचा. त्यावर बोलणं नाही. एकदा कोणीतरी विचारलं, पोरीच्याच हातून काऊन ठेवता, पोरगा काऊन नाही? तुम्ही म्हणालात, "पोरीचा हिस्साच नाई ना कायमदी. मंग तिचा हात वाकडा काऊन पडन?" सगळे हसले. मीही हसले. माझ्या हाताचं कौतुक चाललं आहे असं मला वाटलं.

एका घरात पाटा आणि वरवंटा एकच होता. दोघी जावा दोन्हीकडून त्याला धरून बसल्या होत्या. तुम्ही पाटा एका ढिगात ठेवलात आणि वरवंटा दुसऱ्यात. म्हणालात, "आता वाटण करायले एकमेकीच्या दारी जा लागन. जाणं-येणं राहीन." केवढं नाव झालं तुमचं त्या निकालाने. आसपासच्या गावांत सांगायचे, पंच असावा तर असा. पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. एकीने बाजारातून नवा वरवंटा आणला, तो पाट्यावर बसेना. दुसरीने नवा पाटा आणला, त्याचंही तेच. दोन्ही घरांत चटणी जाडीभरडी. आई एकदा त्यातल्या एकीकडे जेवून आली आणि म्हणाली, "निकाल आयकाले गोड आहे. दाताखाली कचकच करते." तुम्ही तेव्हा हात धूत होता. तुम्ही ऐकलंत की नाही मला माहीत नाही.

त्या वाटणीहून परतताना मी तुम्हाला विचारलं होतं, "बाबा, मले काय भेटन?" एखादा गूळखडा वगैरे, एवढीच माझी मागणी होती. तुम्ही रस्त्यात थांबलात. तुमचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. तुम्ही म्हणालात, "मांगणाऱ्याचा हात बाद होते. पुन्हा मांगशीन तं दुसरी पोर आणीन." थोडं पुढे गेल्यावर खिशातून ते हळकुंड काढून माझ्या हातावर ठेवलंत. मी ते जपून ठेवलं, आणि त्यानंतर कोणाकडेही काही मागितलं नाही. कारंज्याला, सासरच्या त्या घरातही नाही.

त्या घराबद्दल तुम्हाला सांगायचं काय, तुम्हीच शोधलं होतंत. हायवेला लागून ट्रकच्या सामानाचं दुकान, मागे घर, माणसं बोलायला चांगली. माझं एम.ए.चं पहिलं वर्ष झालं होतं. दुसरं तिकडून कर, असं ठरलं होतं. ते कोणी करू दिलं नाही, आणि मी मागितलं नाही. मारायला नवऱ्याला कारण लागायचं असं नाही. दुकानात फॅनबेल्ट, इंजिनाचे रबरी पट्टे, खिळ्याला टांगलेले असायचे, हाताशी असायचे. दोन वर्षांनी मी एका ट्रकवाल्याच्या बायकोबरोबर वर्ध्याला उतरले आणि आंजीला आले. तुम्ही अंगणात होता. "आली का," म्हणालात. दुसरं काही विचारलं नाहीत.

दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी चुलीपाशी पाठमोरी बसले आहे, पदर खाली सोडलेला, आणि आई हळद-तेल लावते आहे. वळ मोजू नकोस असं मी तिला म्हटलं आहे. तेवढ्यात तुम्ही पाण्यासाठी आत येता. दारात थांबता. मी मान वळवून बघते आणि तुम्ही माझ्याकडे बघत नसता, पाठीकडे बघत असता. आई पदर ओढत नाही. ती मुद्दाम ओढत नाही. तुम्ही माठातून पेला भरता, उभ्यानेच पूर्ण पिता, पेला पालथा ठेवता, आणि जाता. बाबा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन थेट पाठीवर येत होतं. तुम्हाला दिसलं नाही असं होणं शक्य नव्हतं.

चार दिवसांनी ते लोक आले. नवरा, सासरा आणि चुलत सासरा. चुलत सासरा हुशार होता. शेडमध्ये चाळीस-पन्नास माणसं जमली, त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाला, "आम्ही कारंज्यावरून पंच आणला नाई. काऊन आणावं? एवढ्या मुलखाचा पंच तं इथंच बसला आहे. पोरगी तुमची, सून आमची. भाऊ, तुम्ही म्हणान ते कबूल." लोकांनी माना डोलावल्या. शेजारचे काका तेवढे उठले. "भाऊ, यात तू बसू नको. तू बाप आहेस. दुसरा कोणी बसव." तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "काऊन? माह्या हातावर भरवसा नाई?" काका खाली बसले. माझ्या लक्षात आलं की चुलत सासऱ्याने गळ टाकला होता आणि तुम्ही तो गिळला होता. तुम्हाला पैशाने कोणी विकत घेऊ शकलं नसतं. जमीन, मानपान, कशानेच नाही. तुम्ही निःपक्षपाती आहात असं पन्नास माणसांसमोर म्हणणं, एवढं पुरेसं होतं.

तुम्ही मला समोर बोलावलंत. जन्मभर मला माय म्हणणाऱ्या माणसाने विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे ते बैठकीपुढे मांडा." तुम्ही मला तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, मारतात. "कोणी पाह्यलं?" घरातल्यांनी. "घरातले इथं आहेत. काय हो, पाह्यलं का तुम्ही?" सासरा म्हणाला, नवरा-बायकोची कुरबूर कुठं नसते भाऊ. काका पुन्हा म्हणाले, "बायांले आतमदी पाहू दे ना. पोरीच्या अंगावर काय आहे ते बाया सांगतीन." तुम्ही म्हणालात, "आतमदी पाह्यलेलं बैठकीत चालत नाई. जे सगळ्याईसमोर नाई, ते नाई." हा तुमचा जुना नियम होता, आणि चांगला नियम होता, कानाफुसीवर निकाल होऊ नये म्हणून केलेला. मी तुमच्या डोळ्यांकडे बघत होते. पन्नास पुरुषांसमोर मी पाठ उघडी करणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. पाठीवर काय आहे तेही माहीत होतं. तुम्ही चप्पल काढलीत.

चूक दोघांची. पोरीने न सांगता घर सोडायला नको होतं. जावयाने हात उचलायला नको होता. त्याने बैठकीसमोर शब्द द्यावा, तिने परत जावं. इकडे एक, तिकडे एक. पाटा एका ढिगात, वरवंटा दुसऱ्यात. लोक उठताना म्हणत होते, "पाह्य, सोताच्या पोरीलेबी सोडलं नाई." मी तुमच्या अगदी जवळ उभी होते. ते वाक्य तुमच्यापर्यंत पोचलं तेव्हा तुमचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं आहे. तराजू आपल्या माणसाकडे झुकला असं कोणी म्हणू नये, म्हणून तुम्ही दुसऱ्या पारड्यावर बोट ठेवून तो दाबला होता. हे तुम्हाला कधीच कळलं नसेल, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. तो चेहरा आठवला की तसं धरता येत नाही.

मी परत गेले. त्याने शब्द पाळला म्हणायचा, फॅनबेल्ट पुन्हा घेतला नाही. हातानेच मारत राहिला. तिथे वर्षाच्या आत मुलगी झाली. ती चार महिन्यांची असताना त्याने माझ्या कानशिलात मारली ती डाव्या कानावर बसली, आणि त्या कानाला त्यानंतर ऐकू आलेलं नाही. मी मुलीला घेऊन निघाले. या वेळी आंजीला गेले नाही. नालवाडीत एक खोली घेतली, शिकवण्या केल्या, एम.ए. पुरं केलं. तुम्ही एकदा आला होता, आठवतं? पिशवीत तुरीची डाळ आणि हरभरा घेऊन. मी पिशवी घेतली, चहा केला. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसून काहीतरी बोललात. मी वळून 'काय?' असं विचारलं नाही. तुम्ही काय बोलला होता ते मला माहीत नाही. कधीकधी वाटतं विचारायला हवं होतं. बहुतेक वेळा वाटत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत चार जण बोलले. चारही जणांनी माझी बैठक सांगितली. मी पुढच्या रांगेत पांढरी साडी नेसून बसले होते आणि तुमच्या न्यायाचं उदाहरण म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं जात होतं. बोलणाऱ्यांपैकी एक म्हणाला, अशी माणसं आता होत नाहीत. ते मला पटलं.

तर असा तो पत्ता, आणि असा तो भावाचा फोन. मी सभागृहाच्या कार्यक्रमाला जायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, मीही येते, मला आजोबांचं गाव नीट बघायचं आहे. तिला यातलं काही माहीत नव्हतं. माझा कान माझ्या लहानपणीच फुटला, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

सभागृहाला फरशी आहे आता. माती कुठेच नाही. भिंतीवर तुमचा फोटो, हार, आणि पाटीवर तुमचं नाव सोनेरी अक्षरांत. आई पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पंच्याऐंशीची, पाय जमिनीला न टेकता लोंबकळणारे. सरपंच तरुण आहे, मोटारसायकलवरून येतो, बोलायला गोड. त्याने मला माइकसमोर बोलावलं. मी उभी राहिले आणि डाव्या पायातली चप्पल काढली. जुनी माणसं ते पाहून हसली, कोणीतरी म्हणालं, "बापावर गेली." फरशी गार होती. मी भाषण लिहून आणलं नव्हतं. मी म्हणाले, माझ्या बैठकीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली एक गोष्ट राहून गेली आहे. बैठकीच्या चार दिवस आधी, आमच्या स्वयंपाकघरात, बाबांनी माझी पाठ पाहिली होती. फॅनबेल्टचे वळ पाहिले होते. मारलं की नाही हे त्यांना कोणाला विचारायची गरज नव्हती. बाबांना माहीत होतं. एवढं बोलून मी थांबले.

कोणी हललं नाही. मला वाटलं, पोचलं. इतक्या वर्षांनी पोचलं. मग सरपंच पुढे आला. तो खरंच भारावला होता, ढोंग नव्हतं ते. माझ्या हातातून माइक घेऊन तो म्हणाला, "पाह्यलं का? माहीत होतं! पोरीच्या पाठीवरचे वळ सोताच्या डोयानं पाह्यले, तरी माणूस जागचा हालला नाई. बाप असून हालला नाई! याले म्हणतात न्याय!" आणि टाळ्या, बाबा. आधी मागून, मग सगळीकडून. भाऊ डोळे पुसत होता. मी चप्पल शोधत होते. ती कोणाच्या तरी पायाने स्टेजच्या कडेला गेली होती.

आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. मी तिच्याजवळ गेले तशी तिने मला हाताला धरून उजवीकडून डावीकडे ओढलं, म्हणजे माझा चांगला कान तिच्याकडे येईल. ती ते नेहमी करते. म्हणाली, "मी त्याईले बैठकीच्या दिवशीच म्हटलं होतं. पंच तुम्ही बसता, मंग बाप कोण बसन?" मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, मग काय म्हणाले? "काई नाई. पाणी मांगतलं." मग ती फोटोकडे बघत म्हणाली, "हार तं मोठा घातला मेल्यांनी."

परतताना मुलगी स्कूटर चालवत होती आणि मी मागे. नालवाडीत घरासमोर गाडी लावून, हेल्मेट न काढताच तिने विचारलं, "आजोबांनी तुला परत पाठवलं नसतं तर?" मी म्हटलं, तर हा कान राहिला असता. "आणि मी?" मी कुलूप काढत होते. "आई, मी तारखांचा विचार करत आले रस्ताभर. मी नसते." मी म्हटलं, चल, आत चल, ऊन आहे. ती आली. पाणी प्यायली, तुमच्यासारखी, उभ्याने. मग म्हणाली, "तू त्यांच्यावर चिडतेस तेव्हा मला त्यात धरतेस का गं?" मी नाही म्हणाले. लगेच म्हणाले. ते खरं आहे, पण तिला लगेच आलेलं उत्तर पुरलं नाही हे मला दिसलं.

बाबा, तुम्ही तो निकाल दिलात त्यातून मला दोन गोष्टी मिळाल्या, एक बहिरा कान आणि एक मुलगी. लोक म्हणतील, झालं की मग, पारडी सारखी झाली. मी असं काही करणार नाही. मुलीला मी तराजूत घालणार नाही. ती तुमच्या न्यायाचं फळ नाही, तुमच्या बाजूची साक्षीदार नाही, आणि तिच्या असण्याने तुम्हाला गुंजभरही सूट मिळत नाही. माणसं तोलायची सवय तुमची होती. मी फक्त एवढं म्हणते की तुम्ही पाहिलं होतं. सभागृहातल्या टाळ्यांनंतर मला कळलं की हे वाक्य मी गावाला सांगायचं नव्हतंच. गावाला त्यातही तुमचा मोठेपणाच दिसणार. ते ज्याला सांगायला हवं होतं, तो पेला पालथा ठेवून निघून गेला.

हे कागद आईला वाचून दाखवावेत असं एकदा मनात आलं होतं. नाही दाखवणार. भावालाही नाही. तो बिचारा तुमचा फोटो पुसतो.

मुलगी पुण्याला परत गेली. परवा फोनवर सांगत होती, ऑफिसातल्या मैत्रिणी रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडून पत्ते काढून घेतात. एकीचं लग्न अडलं आहे, एकीचा भावाशी घरावरून वाद आहे, एकीला साहेब त्रास देतो. "सगळ्यांचं चांगलं निघतंय गं," म्हणाली. मी बरं म्हणाले. तो पत्ता माझ्याकडे आहे. ती निघाली त्या सकाळी, ती आंघोळीला गेली असताना, मी तो कॅटमधून काढून घेतला. कपाटात हळकुंडाशेजारी टेकवून ठेवला आहे, माझ्या बाजूने सुलटा. महिना होत आला. कॅटमध्ये न्याय नाही, हे अजून त्यांच्यातल्या कोणाच्या लक्षात आलेलं नाही.